समाजाचं नाव छापण्याआधी: नव्या संपादक-अनुवादकांसाठी

पुण्यात मजकुराचं काम सुरू केलं की दोन भाषांतला कागद हातात यायला फार दिवस लागत नाहीत. सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल, विद्यापीठातला प्रबंध, प्रदर्शनाचे फलक, नाहीतर मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद. त्यातल्या इंग्रजी मसुद्यात हमखास एखादं वाक्य असं सापडतं, ज्यात 'मराठा' आणि 'ब्राह्मण' यांचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं आणि पुढे चार शब्दांवर 'दलित', 'आदिवासी', 'कातकरी' स्मॉलमध्ये असतात. लिहिणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. पण छापून आल्यावर त्या ओळीत काही समाजांना नाव मिळालेलं असतं आणि काहींना नुसतं वर्णन. ज्याच्या समाजाचं नाव तसं छापलं जातं, त्याला ते लागतं, आणि लागणं रास्त आहे.

ही ओळ दुरुस्त कशी करायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो. नव्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, "दलित कॅपिटल की स्मॉल?" उत्तर एका शब्दात देता येतं: कॅपिटल. पण तेवढ्याने काम भागत नाही. आधी ठरवायचं असतं की इथे समाजाचा उल्लेख हवा आहे का, हवा असेल तर कोणत्या नावाने, आणि ते नाव कुणी ठेवलेलं आहे. कॅपिटल अक्षराचा नंबर त्यानंतर येतो. मराठीत तर कॅपिटलची सोयच नाही, म्हणून तिथे हा सगळा निर्णय शब्दनिवडीत आणि वाक्यरचनेत दिसतो.

पायरी १: नाव हवंच का?

भारतीय प्रेस परिषदेची पत्रकारांसाठीची आचारतत्त्वं सांगतात की व्यक्तीची किंवा वर्गाची जात सांगणं सर्वसाधारणपणे टाळावं, विशेषतः त्या संदर्भातून त्या जातीची बदनामी होत असेल तर. पत्रकार नसाल तरी हा नियम अंगी बाणवा.

चोरीची बातमी घ्या. 'पारधी टोळीला अटक' या शीर्षकातून गुन्ह्याची माहिती काहीच मिळत नाही, एका समाजावर मात्र शिक्का बसतो. हा शिक्का जुना आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या जमाती म्हणूनच स्वतःला 'विमुक्त' म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आज कुणी 'गुन्हेगार जमात' असं सरळ लिहिलं तर ते रद्द झालेल्या कायद्याची भाषा बोलत असतात. इतिहास सांगताना 'इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती' असं लिहा, म्हणजे ठरवणारा कोण ते वाक्यातच राहतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुलांना शाळेत वेगळं बसवलं आणि कारण जात असेल, तर 'काही वंचित मुलांना वेगळं बसवलं' असं गुळमुळीत लिहू नका. तिथे जात हीच बातमी आहे. सभ्यतेच्या नावाखाली ती गाळली की अन्याय करणाऱ्याची सोय होते.

पायरी २: हे नाव कुणी ठेवलं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एका समाजाला चार नावं असू शकतात: सरकारी यादीतलं, शेजारच्या गावाने ठेवलेलं, जुन्या पुस्तकातलं आणि त्या लोकांचं स्वतःचं. छापताना शेवटच्या नावाला पहिला मान. महाराष्ट्रात कितीतरी समाजांनी आपलं नाव स्वतः ठरवून घेतलं आहे. मातंग, चर्मकार, नाभिक, परीट ही नावं आज त्या समाजांच्या संघटना आपल्या फलकांवर लावतात. त्याच समाजांसाठी वापरात असलेले जुने शब्द बऱ्याचदा शिवीसारखे फेकले गेले आहेत. 'हरिजन' हा शब्द ज्यांना लावला गेला त्यांच्यातल्या अनेकांनी तो आपला मानला नाही. आजच्या मजकुरात तो फक्त जुन्या अवतरणात किंवा संस्थेच्या नावात येऊ शकतो.

'दलित' या शब्दाबद्दल नवा माणूस गोंधळतो, कारण त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं की हा शब्द वापरायला बंदी आहे. झालं असं की ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना सल्ला दिला की 'दलित' न म्हणता 'अनुसूचित जाती' म्हणावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या एका प्रकरणातून हा सल्ला आला होता. त्यावर मोठा वाद झाला, कारण चळवळीने आणि साहित्याने हा शब्द स्वाभिमानाने स्वीकारलेला आहे. माझ्या मते दोन्ही शब्दांना आपापली जागा आहे. शिष्यवृत्तीची पात्रता, राखीव जागा, जनगणना असा कायद्याचा विषय असेल तर 'अनुसूचित जाती'. चळवळ, साहित्य, राजकारण, जगण्याचा अनुभव असा विषय असेल तर 'दलित'. आणि एका माणसाबद्दल लिहीत असाल तर त्याला विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर असंख्य घरं स्वतःला फक्त 'बौद्ध' म्हणवतात, काही 'आंबेडकरी' म्हणतात. सरकारी दाखल्यातला 'नवबौद्ध' हा शब्द दाखल्यापुरता ठेवा. तीन पिढ्या बौद्ध असलेल्या माणसाला 'नव' कशाला म्हणायचं?

आदिवासी समाजांच्या बाबतीत सरसकट शब्दापेक्षा नेमकं नाव नेहमी चांगलं. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर आहेत, मावळ-मुळशीकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. 'जिल्ह्यातील आदिवासी' असं लिहून मोकळं होऊ नका. कुणाबद्दल लिहिताय ते लिहा. 'वनवासी' हा शब्द बहुतेक आदिवासी संघटनांना मान्य नाही, तो त्यांच्यावर लादू नका.

इथे काही जोड्या अशा आहेत की एका शब्दाने माणसं बदलतात. महादेव कोळी ही सह्याद्रीतली अनुसूचित जमात, आणि किनाऱ्यावरचे मासेमारी करणारे कोळी हा वेगळा समाज. कोकणा ही जमात आहे, कोकणी म्हणजे सहसा कोकणातला कुणीही. ठाकर आणि ठाकूर यांची तर मसुद्यात सर्रास अदलाबदल होते. इंग्रजी अनुवादात 'मराठी' आणि 'मराठा' यांची गल्लत होते तेव्हा एक भाषिक समूह आणि एक जात एकमेकांच्या जागी बसतात. हे परराज्यातल्या संपादकाच्या हातून झालं तरी पकडायची जबाबदारी आपली.

एका अक्षरावर केवढं काय अवलंबून असू शकतं, याचं उदाहरण म्हणजे धनगर आणि धनगड. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरांव'सोबत 'धनगड' असं नाव आहे. ते 'धनगर'च आहे, इंग्रजी लिप्यंतरात 'र'चा 'ड' झाला, असं धनगर समाजाचं म्हणणं आहे. राज्यात धनगर भटक्या जमातींच्या 'क' प्रवर्गात येतात, त्यांना ३.५ टक्के आरक्षण आहे. धनगरांना अनुसूचित जमातींत धरावं या मागणीच्या याचिका फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. या विषयावर लिहिताना ज्याचं म्हणणं त्याच्या नावावर लिहा आणि दोन्ही शब्द मूळ कागदात जसे आहेत तसे ठेवा. मुद्रितशोधकाने सवयीने 'धनगड'चं 'धनगर' केलं तर अख्ख्या लेखाचा अर्थ गेला.

शहरातही हेच लागू आहे. कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला, म्हणजे आपल्या लाल देवळाला, भेट देऊन लिहिलेल्या लेखांत 'पुण्यातले ज्यू' असा एकच गठ्ठा असतो. ते बांधणारे डेव्हिड ससून बगदादी ज्यू. रास्ता पेठेतलं सिनेगॉग बेने इस्राएल समाजाचं, ज्यांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे. दोघांचा इतिहास वेगळा, नाव वेगळं. बेने इस्राएलांना कोकणात लोक 'शनवार तेली' म्हणत. ते दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे, म्हणून इतिहास सांगताना 'लोक त्यांना असं म्हणत' एवढ्याच संदर्भात वापरा.

आणि ईशान्येकडचे विद्यार्थी. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्याच्या अफवा पसरल्या तेव्हा बंगळुरूसारखीच पुण्यातूनही ही मुलंमुली घाबरून गावी निघून गेली होती. अशा शहरात लिहिताना 'नॉर्थ-ईस्टवाले' हे नाव पुरेसं नाही. मैतेई, कुकी, नागा, मिझो, खासी हे वेगवेगळे समाज आहेत. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याचं राज्य आणि, गरज असेल तर, समाज नेमका लिहा.

आता हे शोधायचं कुठे? क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथलं संग्रहालय आणि ग्रंथालय राज्यातल्या जमातींबद्दल पहिली विचारपूस करायला उत्तम जागा. अनुसूचित जातींच्या विषयांसाठी बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ आणि ३४२ खाली निघालेल्या याद्या बघा, पण त्या इंग्रजीतून मराठीत आल्या आहेत हे लक्षात ठेवा. कातकऱ्यांचंच बघा, यादीत 'काथोडी' आणि 'कातकरी' अशी दोन्ही रूपं आहेत.

यादी बघून झाली की माणसाला विचारा. विचारायला लाजू नका, साधं विचारा: "ताई, अहवालात तुमच्या वाडीबद्दल लिहितोय. समाजाचं नाव कसं लिहू? असं कुठलं नाव आहे का, जे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कामाचा आहे. पहिल्याला लोक बाहेरच्या माणसाला चालेल असं उत्तर देतात. दुसऱ्याला मनातलं सांगतात. एकाच माणसाच्या उत्तरावर विसंबू नका. म्हाताऱ्या माणसाला जे नाव सवयीचं असतं, ते त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला अजिबात खपत नाही, असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर सार्वजनिक मजकुरासाठी नातीचं ऐका, आणि आजोबांच्या तोंडचं वाक्य मात्र आजोबांच्याच शब्दांत राहू द्या.

पायरी ३: इंग्रजीत कॅपिटल कशाला?

इंग्रजीची कसोटी सोपी आहे: समाजाचं नाव असेल तर कॅपिटल, वर्णन असेल तर स्मॉल. मराठा, गोंड, पारधी, लिंगायत, बेने इस्राएल, दलित, आदिवासी, बहुजन: कॅपिटल. अप्पर कास्ट, लँडलेस, नोमॅडिक, बॅकवर्ड: स्मॉल.

याचा चांगला नमुना संविधानाच्या इंग्रजी पाठात आहे. पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ मध्ये आलेलं अनुच्छेद १५(४) उघडा. एकाच वाक्यात 'सोशली अँड एज्युकेशनली बॅकवर्ड क्लासेस' सगळं स्मॉलमध्ये आहे आणि त्याला लागूनच 'शेड्यूल्ड कास्ट्स' व 'शेड्यूल्ड ट्राइब्स' यांची पहिली अक्षरं कॅपिटल आहेत. पहिलं वर्णन आहे, दुसऱ्या दोघांच्या नावानिशी याद्या आहेत. म्हणून या दोन संज्ञा कायदेशीर अर्थाने येतील तिथे कॅपिटलच ठेवा, मग वाक्यात त्या कुठेही असोत.

'ट्रायबल' हा शब्द वेगळा सांभाळा. विशेषण म्हणून स्मॉलमध्ये चालतो, पण 'ट्रायबल्स' असं अनेकवचनी नाम करू नका. 'आदिवासी' हे नाव चळवळीने स्वीकारलेलं आहे, ते इंग्रजीतही तसंच, कॅपिटल करून, तिरप्या अक्षरांशिवाय वापरा. तिरपी अक्षरं परकीय शब्दाला असतात. इथल्या माणसांचं नाव इथल्या पुस्तकात परकं कसं? आणि 'प्रिमिटिव्ह' तर कुठेच नको. 'प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप' हे नाव केंद्र सरकारनेच २००६ मध्ये बदलून 'पर्टिक्युलरली व्हल्नरेबल ट्रायबल ग्रुप' केलं. महाराष्ट्रात या गटात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात.

'सवर्ण' कॅपिटल की स्मॉल, यावर एकमत नाही. मी स्मॉल ठेवतो, कारण ते कुठल्या एका समाजाचं नाव नाही, अनेक समाजांचं समाजव्यवस्थेतलं स्थान आहे. कुणी कॅपिटल केलं तर भांडत नाही, फक्त पूर्ण पुस्तकात तसंच हवं.

फ्रेंच-स्पॅनिशमधून अनुवाद करणाऱ्यांसाठी एक सूचना. स्पॅनिशमध्ये लोकांची नावं स्मॉलमध्ये लिहितात. फ्रेंचमध्ये नाम कॅपिटल आणि विशेषण स्मॉल. तिथे स्मॉल म्हणजे अनादर नाही. मूळ भाषेचा नियम मुळात ठेवा, इंग्रजीत इंग्रजीचा लावा.

पायरी ४: ब्लॅक आणि व्हाइट

अमेरिकेवरचा मजकूर इंग्रजीत लिहिताना किंवा मराठीत आणताना हा प्रश्न टळत नाही, आणि तिकडचा इतिहास माहीत असेल तर आपले निर्णयही सोपे होतात.

तिथे आधीचा झगडा 'नीग्रो' शब्दाच्या पहिल्या अक्षरासाठी होता. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्यासारख्या विचारवंतांनी वर्षानुवर्षं वृत्तपत्रांकडे आणि प्रकाशकांकडे कॅपिटल एनची मागणी केली. लाखो माणसांच्या नावाला लहान अक्षर देणं हा त्यांना अपमान वाटत होता. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च १९३० मध्ये ती मान्य केली. पुढे साठच्या दशकात चळवळीने तो शब्दच टाकून दिला आणि 'ब्लॅक' हे नाव अभिमानाने घेतलं. त्याच चळवळीतल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पण 'ब्लॅक' छापलं जात होतं स्मॉल बीने, रंगाच्या नावासारखं. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, आणि त्यानंतरच्या आंदोलनात हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने १९ जून २०२० रोजी वंश-संस्कृतीच्या अर्थाने कॅपिटल बी स्वीकारला, 'इंडिजिनस'लाही कॅपिटल आय दिला. त्याच सुमाराला न्यूयॉर्क टाइम्सनेही तेच केलं.

मग 'व्हाइट'चं काय? असोसिएटेड प्रेसने तो स्मॉल ठेवला. त्यांचं कारण असं की गोऱ्या लोकांचा इतिहास, संस्कृती आणि कातडीच्या रंगामुळे भेदभाव सोसण्याचा अनुभव एक नाही, शिवाय वर्चस्ववादी गट तो मुद्दाम कॅपिटल करतात. वॉशिंग्टन पोस्टने मात्र दोन्ही कॅपिटल केले. तुम्ही दोन्हींपैकी एक पद्धत निवडा आणि ती शेवटपर्यंत पाळा. मला असोसिएटेड प्रेसचं म्हणणं पटतं.

मराठीत 'ब्लॅक'ला रूढ शब्द 'कृष्णवर्णीय' आहे. वृत्तपत्रांत तो चालतो आणि त्यात अनादर नाही. पण तो फक्त कातडीचा रंग सांगतो. लेख चळवळीबद्दल, संगीताबद्दल, साहित्याबद्दल असेल तर 'आफ्रिकन-अमेरिकन' किंवा सरळ 'ब्लॅक' वापरा. मराठी वाचकाला तो शब्द परिचित आहे. 'नीग्रो', 'हबशी', 'काळे लोक' नकोत. याच रांगेत 'रेड इंडियन'च्या जागी जमातीचं नाव, नाहीतर 'मूळ अमेरिकी', 'एस्किमो'च्या जागी बहुतेक ठिकाणी 'इन्युइट', 'जिप्सी'च्या जागी 'रोमा'.

पायरी ५: मराठीत कॅपिटलच्या जागी काय

साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत याचं उत्तर शोधू नका. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे नाव आणि वर्णन डोळ्यांना सारखंच दिसतं. फरक आपल्याला वाक्यातून दाखवायचा असतो.

पहिली गोष्ट, नावाला अवतरणचिन्हं लावू नका. या लेखात ती आहेत कारण इथे चर्चाच शब्दांची आहे. पण 'कातकरी' समाजाची वस्ती असं लिहिलं की 'तथाकथित' असा वास येतो. 'मराठा' समाजाला कुणी अवतरणात टाकत नाही, मग यांनाच का?

दुसरी, एकवचनी जातिवर्णन टाळा. हे मराठीत फार मुरलेलं आहे आणि इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटियरांतून आपल्याकडे भरपूर आलं आहे. एका अहवालाच्या मसुद्यात असतं तसं वाक्य बघा:

"मुळशीतील कातकरी हा अत्यंत मागासलेला असून तो आजही भटकतो. या लोकांत शिक्षणाबद्दल उदासीनता आहे."

इथे नाव बरोबर आहे, तरी वाक्य छापण्याजोगं नाही. 'हा', 'तो' यांनी हजारो माणसांचा एक पुतळा केला. 'मागासलेला' हे लिहिणाऱ्याचं मत, 'भटकतो' ही चुकीची माहिती, 'उदासीनता' हा आरोप. दुरुस्ती करताना लेखकाला एवढंच विचारायचं: तुम्ही तिथे पाहिलं काय? मग वाक्य असं होतं:

"मुळशी तालुक्यातली अनेक कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात. मुलंही बरोबर जातात, त्यामुळे त्यांची शाळा मध्येच सुटते."

आता वाक्याचा कर्ता कुटुंबं आहेत, 'कातकरी' हे त्यांचं नाव आहे, आणि शाळा का सुटते तेही कळतं. इंग्रजीत कॅपिटल के जे काम करतो, ते इथे या रचनेने केलं. नुसतं 'समाज' किंवा 'बांधव' जोडून आदर येत नाही. भाषणात 'आदिवासी बांधव' ठीक आहे, अहवालात त्यातून बायका गळतात.

तिसरी गोष्ट, एका वाक्यातल्या सगळ्या समाजांना सारखं वागवा. 'पाटील साहेबांनी कातकऱ्याला बोलावलं' या वाक्यात एकाला आडनाव आणि आदर आहे, दुसऱ्याला फक्त जमात आहे. दुसऱ्यालाही नाव असतं. ते छापायला त्यांची परवानगी असेल तर तेही आदरार्थी लिहा.

लेखनभेदांचा निर्णय आधीच करा: भिल्ल की भील, मुस्लिम की मुस्लीम. 'अल्पसंख्याक' हा शब्द नीट तपासा, 'अल्पसंख्यांक' असं चुकीचं रूप सरकारी फलकांवरही दिसतं. मराठी मजकुरात 'अनुसूचित जमाती' लिहा, 'जनजाति' हे हिंदीतलं आहे.

पायरी ६: अवतरणं आणि जुने कागद

जुन्या मजकुरातलं नाव बदलायचं नाही. महात्मा फुले यांचं 'गुलामगिरी' १८७३ मध्ये निघालं, त्याची इंग्रजी अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जनांना आहे, नीग्रो गुलामगिरी संपवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागबुद्धीबद्दल. ती उद्धृत करताना 'नीग्रो' तसंच राहील. तुमच्या स्वतःच्या वाक्यात तुम्ही 'ब्लॅक' किंवा 'आफ्रिकन-अमेरिकन' लिहाल. अवतरणात एक शब्द जरी बदलला तरी पुरावा खोटा होतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा खंड १८८५ चा. शेती, रस्ते, बाजार यांसाठी तो सोन्यासारखा आहे, पण त्यातली जातींची स्वभाववर्णनं वस्तुस्थिती म्हणून उचलू नका. उद्धृत करायचीच असतील तर 'इंग्रज अधिकाऱ्यांनी असं नोंदवलं' असं आधी लिहा.

पत्त्यांबद्दल: डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. आजच्या मजकुरात वस्तीचं आजचं नाव, जुन्या कागदाच्या संदर्भात जुनं.

पायरी ७: तक्ता करा, मग शोध घ्या

प्रत्येक कामाला एक साधा तक्ता ठेवा. चार रकाने पुरतात: मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग कॅपिटलसह, न वापरायची रूपं, आणि हे कुणाला विचारून ठरवलं. चौथा रकाना लोक गाळतात आणि पुढच्या आवृत्तीला तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

नंतर 'शोधा आणि बदला'. सगळं एका फटक्यात बदलू नका. स्मॉल बीचा 'ब्लॅक' सरसकट कॅपिटल केला तर ब्लॅकबोर्ड, ब्लॅक टी आणि ब्लॅक मार्केट सगळेच कॅपिटल होतील. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा.

मराठीत वेगळाच त्रास आहे. 'कातकऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे टाइप झालेला असू शकतो: एकदा नुक्त्याच्या 'ऱ'पासून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. म्हणून 'कातक' एवढाच तुकडा शोधा, म्हणजे सगळी रूपं हाती लागतील. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातून मजकूर बदलून आला असेल तर हाच 'ऱ्या' मोडून 'र्या' होतो आणि समाजाचं नाव विद्रूप छापलं जातं. 'पारध्यांना', 'भिल्लांच्या', 'गोंडांनी' अशी विभक्तीची रूपंही नजरेखालून घाला, कारण यंत्राची शुद्धलेखन तपासणी त्यांना चूक ठरवून भलताच शब्द सुचवते.

मजकूर पक्का झाल्यावर फोटोओळी, सूची, तक्त्यांची शीर्षकं आणि संकेतस्थळावरच्या छायाचित्रांचे पर्यायी मजकूर वेगळे तपासा. ते दुसऱ्याच माणसाने, घाईत लिहिलेले असतात. मुखपृष्ठ सर्वांत शेवटी. सजावटकाराने इंग्रजी शीर्षक सगळंच कॅपिटल अक्षरांत बसवलं असेल तर तुम्ही आत केलेला नाव-वर्णनाचा भेद तिथे पुसला जातो. अशा वेळी शीर्षकाची मांडणी शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि नावांची पहिली अक्षरं तेवढी कॅपिटल अशी करून मागा, आणि छपाईला जाण्याआधी तो बदल झाल्याचं स्वतः प्रूफवर पाहा.